बाली बेटावरील देवालये आणि त्यांचे मुके आश्रित



देवस्थानाच्या महाजनांपुढे देवळांविषयी बोलणे म्हणजे नदीकाठच्या माणसाला पाण्याचे वर्णन ऐकविण्यासारखे आहे. नित्यपूजा, पालखी, जत्रोत्सव, वर्षासने आणि हिशेबाची वही या साऱ्यांची जाण येथे जमलेल्या कुटुंबांना पिढीजात आहे. म्हणूनच आजच्या व्याख्यानाचा विषय मुद्दाम समुद्रापलीकडचा घेण्यात आला आहे. भारताबाहेर जेथे हिंदू देवालयांची परंपरा हजार वर्षे अखंड चालू राहिली, त्या बाली बेटावर देवळाच्या आवारात माणसाखेरीज आणखी कोण कोण राहते, त्यांचा आणि गावकऱ्यांचा व्यवहार कसा चालतो, आणि दूरदेशीच्या प्रवाशांची रीघ लागल्यावर त्या व्यवहाराचे काय झाले, हे पाहावयाचे आहे.

बाली हे इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकातील एक छोटे बेट. जावाच्या पूर्वेस, विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेस. क्षेत्रफळाने ते गोमंतकाच्या सुमारे दीडपट भरते. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४३ लाखांच्या घरात होती, आणि मुस्लिमबहुल देशात असूनही तेथील बहुसंख्य प्रजा हिंदू आहे. बालीच्या पूर्वेस लोंबोक बेट अवघ्या ३५ किलोमीटरांवर आहे. पण मधली सामुद्रधुनी इतकी खोल की हिमयुगातही ती कोरडी पडली नाही. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १८५६ साली या दोन्ही बेटांवर उतरला, तेव्हा दोहोंकडच्या पक्ष्यांतील तफावत पाहून तो चकित झाला. बालीपर्यंत आशियाची जीवसृष्टी आहे; पलीकडे ऑस्ट्रेलियाच्या वळणाची सुरू होते. बालीत पूर्वी वाघही होता. खात्रीने नोंदलेला शेवटचा बाली वाघ १९३७ साली मारला गेला, आणि आज तो केवळ बारोंगाच्या सोंगात, लाकडी मुखवट्याच्या रूपाने मिरवणुकीत नाचतो.

बालीच्या भाषेत देवळाला ‘पुरा’ म्हणतात आणि राजवाड्याला ‘पुरी’. मूळ संस्कृत शब्द एकच, पण तेथे गेल्यावर त्याने दोन घरे केली. पाण्याला ‘तीर्त’ म्हणजे तीर्थ. प्रत्येक गावात निदान तीन देवळे असावीत असा दंडक आहे : गावाच्या मूळपुरुषांचे ‘पुरा पुसेह’, ग्रामसभेचे ‘पुरा देसा’ आणि स्मशानाजवळचे ‘पुरा दालम’. विष्णू, ब्रह्मा आणि शिव किंवा दुर्गा असा त्यांचा अनुक्रमे संबंध लावतात. देवळाला बहुधा छप्पर नसते, गाभाराही नसतो. उघड्या आकाशाखाली एकामागून एक अशी तीन प्रांगणे असतात आणि सर्वांत आतल्या प्रांगणात देवाची रिकामी आसने. उत्सवाच्या दिवशी देव उतरतात आणि तेवढा काळ तेथे बसतात, अशी श्रद्धा. हा वर्धापनोत्सव, ‘ओडालान’, बहुतेक देवळांत २१० दिवसांच्या पंचांगाप्रमाणे येतो. मूर्तीवाचून देऊळ ही कल्पना गोमंतकीय भाविकाला प्रथम चमत्कारिक वाटते. परंतु केवड्याच्या आणि चाफ्याच्या वासात, नारळीच्या झावळ्यांच्या तोरणांखाली उभे राहिले म्हणजे परकेपण फार वेळ टिकत नाही.

महाजनांना विशेष कुतूहल वाटेल ते देवळाच्या कारभाराविषयी. तेथे देऊळ चालविते ती ‘देसा अदात’, म्हणजे परंपरागत ग्रामसंस्था. गोमंतकात महाजनकी कुळावरून ठरते. बालीत मात्र सभासदत्व विवाहानंतर, पतिपत्नीच्या जोडीकडे मिळून येते. एकटा पुरुष पूर्ण सभासद नाही. सभासदाने उत्सवात अंगमेहनत करावी, वर्गणी द्यावी, ‘कुलकुल’ नावाचा लाकडी घंटानाद झाला की हजर व्हावे. हे सारे ज्या लेखी नियमांनी बांधलेले असते, त्यांना ‘अविग-अविग’ म्हणतात. नियम वारंवार मोडणाऱ्यास वाळीत टाकतात, आणि वाळीत पडलेल्याला गावच्या स्मशानात जागा नाकारल्याचीही उदाहरणे आहेत. हा शब्द ध्यानात ठेवावा, कारण व्याख्यानाच्या ओघात एका पक्ष्याच्या निमित्ताने तो पुन्हा यावयाचा आहे.

आता देवळांच्या आश्रितांकडे वळू.

बालीच्या मध्यभागी उबुद नावाचे गाव आहे. त्याच्या दक्षिणेस पाडांगतगल वस्तीच्या टोकाला एक दाट राई आहे. तिचे अधिकृत नाव ‘मंडल सुचि वनर वन’. मंडल, शुचि, वानर आणि वन हे चारही शब्द आपल्या पोथ्यांतले. उच्चार तेवढा त्या मातीचा. राईचे क्षेत्र सुमारे साडेबारा हेक्टर. आत तीन देवळे आहेत. एक पुरा दालम, दुसरे झऱ्याकाठचे पुरा बेजी आणि तिसरे स्मशानाला लागून असलेले प्रजापतीचे. परंपरेने त्यांचा काळ चौदाव्या शतकाचा मध्य सांगतात. स्मशानातील थडगी तात्पुरती असतात. मृताला प्रथम पुरतात आणि दर पाच वर्षांनी गाव मिळून सामुदायिक दहन करते. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र अंत्यविधीचा खर्च पेलत नाही म्हणून ही तजवीज. ज्याने ती योजली त्याला संसाराची जाण होती.

या राईत हजाराहून अधिक लांब शेपटीची माकडे राहतात. ती अनेक टोळ्यांत विभागलेली असून प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते. देवळाच्या पायऱ्यांवर, दगडी नागांच्या फण्यांवर, पुलाच्या कठड्यावर ती निवांत उवा वेचीत बसलेली दिसतात. त्यांना दिवसातून तीन वेळा रताळी घालण्यात येतात. जोडीला केळी, मका, काकडी. हे अन्न, पहारेकऱ्यांचे वेतन आणि देवळांची दुरुस्ती हा सारा खर्च प्रवेशशुल्कातून भागतो, आणि त्याचा हिशेब पाडांगतगलच्या ग्रामसंस्थेकडे असतो. सरकारचे उद्यान असते तर येथे वानरांची संख्या मोजणारा अधिकारी असता. येथे तोही आहे. परंतु त्याच्या वर गावची सभा आहे आणि सभेच्या वर पुरा दालमचा देव आहे. वानर हे देवळाचे रक्षक आहेत अशी त्यांची धारणा आहे. ते पवित्र आहेत तसेच खट्याळही आहेत. नैवेद्याच्या टोपल्या पळवितात, आणि पुजारी त्यांना हातातील वेताच्या काठीने हुसकावीतही असतो. पावित्र्य आणि शिस्त यांत बालीच्या माणसाला विरोध दिसत नाही.

राईतील वृक्षांची कथा माकडांहून अधिक मनोवेधक आहे. त्यांत शंभराहून अधिक जाती आहेत. काहींच्या बुंध्यांना काळ्यापांढऱ्या चौकटींचे वस्त्र गुंडाळलेले दिसते. ज्याला ते नेसविले त्या वृक्षात शक्तीचा वास आहे असे समजावे. त्यांपैकी ‘पुले’ या वृक्षाचे लाकूड मुखवट्यांसाठी लागते. हा पुले म्हणजे सह्याद्रीच्या रानात वाढणारी सातवीणच होय. मुखवटा करणारा कारागीर वाटेल तेव्हा कुऱ्हाड घेऊन जात नाही. पुजारी शुभ दिवस पाहून वृक्षातील देवतेची अनुज्ञा मागतो, आणि मग वृक्ष न मारता लाकडाचा एक लहान तुकडा काढून घेतात. त्यातून घडविलेल्या मुखवट्यात त्याच वृक्षाची शक्ती उतरते असे मानतात. ज्या गोमंतकात देवराईतून वाळकी काटकीसुद्धा उचलू नये असा कडक नियम काही गावांनी पाळला आणि काहींनी विसरून टाकला, त्या गोमंतकातील श्रोत्यांना या विधीचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु जुने वृक्ष राखणे ही नुसती भक्तीची गोष्ट नसते. १० डिसेंबर २०२४ रोजी वाऱ्यापावसात याच राईत एक मोठा वृक्ष कोसळला आणि दोन परदेशी स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. देवाच्या रानात वाढलेल्या झाडावर कुऱ्हाड घालावयाची नाही आणि रोज हजारो माणसांना त्याच्या सावलीतून न्यावयाचे, या दोन गोष्टींचा मेळ घालताना पुजाऱ्याइतकीच वृक्षतज्ज्ञाचीही गरज लागते. देवस्थानांच्या कारभाऱ्यांनी हा प्रसंग दुर्लक्षू नये.

आता बेटाच्या दक्षिण टोकाला जाऊ. तेथे समुद्रावर सत्तर मीटर उंचीच्या कड्याच्या अगदी धारेवर उलुवातूचे देऊळ उभे आहे. ‘उलु’ म्हणजे टोक, ‘वातु’ म्हणजे पाषाण. अकराव्या शतकातील म्पू कुतुरान या साधूकडे त्याच्या स्थापनेचे श्रेय देतात. सोळाव्या शतकात जावाहून आलेले दांग ह्यांग निरर्थ यांनी येथेच मोक्ष साधला अशी आख्यायिका आहे. हे निरर्थ बालीचे जणू आदिगुरू. किनाऱ्यावरील अनेक देवळांशी त्यांचे नाव जोडलेले आहे आणि तेथील पुरोहितवर्ग आपली वंशावळ त्यांच्यापर्यंत नेतो. त्यांच्या नावाचा अर्थ मात्र संस्कृत कोशावरून लावण्याच्या भरीस पडू नये.

उलुवातूची माकडे चोर आहेत, आणि साधी चोर नव्हेत, सावकारी करणारी चोर आहेत. प्रवाशाचा चष्मा, टोपी, पायातील चप्पल, हातातील दूरध्वनीयंत्र ती विजेच्या चपळाईने हिसकावतात आणि भिंतीवर बसून वाट पाहतात. देवळाचा सेवक धावत येतो, फळ किंवा खाद्याची पुडी पुढे करतो. सौदा पसंत पडला तर वस्तू खाली पडते. नाही पडला तर माकड मान वळवून बसते आणि दुसरी पुडी येण्याची वाट पाहते. हा खेळ पाहून हसू येते, परंतु शास्त्रज्ञांनी तो गांभीर्याने अभ्यासला आहे. बेल्जियमच्या लिएज विद्यापीठातील फॅनी ब्रोत्कोर्न यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली असे दाखवून दिले की ही विद्या रक्तातून आलेली नसून एकमेकांचे पाहून शिकलेली आहे, आणि ज्या टोळीत तरुण नर अधिक तीत चोऱ्याही अधिक. पुढे २०२१ साली कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठाचे ज्याँ-बाप्तिस्त लेका यांच्या निरीक्षणातून आणखी विलक्षण गोष्ट उघड झाली. माणसाला कोणती वस्तू मोलाची वाटते हे मोठ्या वयाच्या माकडांना कळते. ती रिकाम्या पिशवीपेक्षा चष्मा आणि दूरध्वनी निवडून पळवितात, आणि अशा वस्तूंसाठी अधिक किंवा अधिक चांगले खाद्य मिळेपर्यंत अडून बसतात. पिल्लांना हे तारतम्य नसते. ती जे हाती लागेल ते घेतात.

गंमत बाजूस ठेवली तर प्रश्न उरतो तो असा की, ही विद्या त्यांना शिकविली कोणी? रानातील फळे खाणाऱ्या वानराला चष्म्याची किंमत माहीत असण्याचे काहीच कारण नव्हते. दर वेळी पुडी पुढे करणाऱ्या हातांनी ती किंमत ठरविली. वस्तू परत मिळावी म्हणून प्रवासी कासावीस होतो, त्याची निकड भागविणे सेवकाला भाग पडते, आणि प्रत्येक सुटका ही पुढच्या चोरीची शिकवणी होते. सायंकाळी त्याच कड्यावर ‘केचक’ नृत्य होते. पुरुषांची वर्तुळे उघड्या अंगाने बसून ‘चक् चक् चक्’ असा वानरसेनेचा कलरव करतात आणि मध्ये सीताहरणापासून लंकादहनापर्यंतचे रामायण घडते. हा नृत्यप्रकार आजच्या रूपात १९३० च्या दशकात सिद्ध झाला. प्रेक्षागारात हनुमंताच्या पराक्रमाला टाळ्या पडत असतात आणि मागच्या भिंतीवर त्याचे वंशज कोणाच्या तरी चष्म्याचा सौदा ठरवीत बसलेले असतात.

वानर आणि देऊळ यांच्या नात्याची खरी परीक्षा झाली ती मात्र सांगेह येथे. मेंग्वी घराण्याच्या राजवटीत सतराव्या शतकात उभारलेले पुरा बुकित सारी हे देऊळ उंच, सरळसोट वृक्षांच्या रानात आहे. स्थानिक लोक त्या वृक्षांना ‘पाला’ म्हणतात. शब्दाचा अर्थ जायफळ, पण झाडे जायफळाची नव्हेत. रावणाचा चेंदा करण्यासाठी हनुमंत महामेरू उचलून नेत असता त्याचा एक तुकडा वानरांसह येथे गळून पडला, अशी तेथील कथा. द्रोणागिरीची कथा ऐकत वाढलेल्या श्रोत्याला तिची ओळख पटेल. या रानात सुमारे सहाशे माकडे राहतात, आणि प्रवाशांनी दिलेली केळी व शेंगदाणे हा वर्षानुवर्षे त्यांचा आहार होऊन बसला होता. २०२० साली महामारी आली, विमाने थांबली, आणि प्रवाशांअभावी फाटकावरचे उत्पन्न आटले. २०२१ च्या उत्तरार्धात तेथून जे वृत्त आले ते असे : भुकेली माकडे रान सोडून घरांच्या छपरांवर आली, कौले उचकटू लागली आणि वाळत घातलेले पदार्थ पळवू लागली. देवस्थानाची तिजोरी रिकामी झालेली. ज्यांच्या चुलीवर प्रवाशांच्या पैशाने अन्न शिजत असे ते गावकरीही बेकार. तरीही त्यांनी आपसांत फळे, कंदमुळे, शेंगदाणे गोळा करून रानात नेऊन टाकली. वानरांना मारावे असा विचार कोणी पुढे आणला नाही. संकटात गाव शोभले यात शंका नाही. पण संकट माकडांवर आले त्याचे मूळ पूर्वीच्या सुबत्तेत होते. जंगली जनावराला दान देऊन पराधीन करणे ही देखील एक हिंसाच आहे, आणि ती फुलाच्या पाकळ्यांइतक्या हलक्या हातांनी होत असल्याने ध्यानात येत नाही.

येथे एक व्यवहाराची सूचना. २००८ साली बालीत कुत्र्यांमार्फत अलर्क रोग शिरला. त्यापूर्वी बेट त्या रोगापासून मुक्त होते. तेव्हा माकडाने बोचकारले किंवा चावले तर ‘देवाचे वानर आहे, काय व्हायचे!’ असे न म्हणता जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावी आणि विनाविलंब वैद्य गाठावा. डोळ्यांत डोळे घालून पाहू नये, दात दाखवून हसू नये. वानरांच्या भाषेत ते आव्हान ठरते.

आता एका नावाची मौज. बालीच्या पूर्व किनाऱ्यावर क्लुंगकुंग प्रदेशात एक प्रसिद्ध देऊळ आहे आणि त्याचे नाव रोमन अक्षरांत जसे लिहितात त्यातला पहिला शब्द गोमंतकाच्या नावाहून एका अक्षराने वेगळा नाही. गोमंतकीय प्रवासी फलक पाहून हमखास थबकतो. हा ‘गोआ’ म्हणजे संस्कृतातील गुहा. ‘लावाह’ म्हणजे वटवाघूळ. कड्याच्या पोटातील गुहेच्या तोंडाशीच देवळाचे अंतःप्रांगण आहे, आणि गुहेच्या छताला भर दिवसा हजारो वटवाघळे लोंबत, कुजबुजत, एकमेकांना ढकलीत असतात. खाली वेदीवर विष्ठेचा सडा पडतो आणि पुजारी निर्विकारपणे तो झाडतो. गुहा थेट आगुंग पर्वतावरील बेसाकिहच्या महादेवालयापर्यंत जाते व तीत वासुकी नाग राहतो, अशी श्रद्धा. मृताचे दहन झाल्यावर त्याच्या आत्म्याला पर्वत आणि सागर या दोहोंशी जोडण्याचा विधी करण्यासाठी दूरदूरची कुटुंबे येथे येतात. रस्ता ओलांडला की काळ्या वाळूचा समुद्रकिनारा आहे. फळे आणि फुलांतील मध खाणाऱ्या वटवाघळांच्या जाती रात्री बागांत परागीकरण करतात, हे विज्ञान सांगते. देवळाच्या आश्रयाने त्यांची वस्ती टिकली. त्यांना अमंगळ मानून गुहेत धूर करण्याची बुद्धी तेथे कोणाला झाली नाही, हे त्या शेतांचे भाग्य.

तानाह लोत या सागरातील खडकावरच्या देवळाशी सर्पाची कथा जोडलेली आहे. निरर्थांनी आपला कमरबंद फेकला आणि तो देवळाचा रक्षक नाग झाला असे सांगतात. प्रत्यक्षात तेथे आढळतात त्या काळ्या पट्ट्यांच्या सागरी मण्यारी. विष जहाल, पण स्वभाव अतिशय मवाळ. समुद्रात वाम मारतात आणि अंडी घालावयास जमिनीवर येतात. समोरच्या किनाऱ्यावरील कपारीत दक्षिणा घेऊन सर्पाला हात लावू देतात. भाविकाने दुरून हात जोडावे हे उत्तम. खडक लाटांनी झिजून कोसळण्याच्या बेताला आला, तेव्हा १९८० च्या दशकात जपानच्या कर्जातून त्याची डागडुजी झाली. आज दिसणाऱ्या खडकाचा बराच भाग माणसाने बांधलेला आहे आणि तो ओळखू येत नाही.

उबुदनजीक पेतुलु गावी सायंकाळी हजारो बगळे वस्तीला येतात. ते प्रथम १९६५ च्या अखेरीस आले असे गावकरी सांगतात. तो काळ बालीच्या इतिहासातील अत्यंत काळा. राजकीय हत्याकांडात शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारले आणि बेटावर हजारो जीव गेले. बगळे म्हणजे त्या मृतांचे आत्मे, असे गावात मानतात आणि त्यांना कोणी दगड मारीत नाही. झाडे विष्ठेने पांढरी होतात, दुर्गंधी सुटते, अंगणात पिल्ले पडतात. सारे सोसतात. ज्या गोष्टी मोठ्याने बोलता येत नव्हत्या, त्यांची आठवण या गावाने पक्ष्यांच्या स्वाधीन केली.

उंदरांचेही तसेच. भातशेतीची पाणीवाटप करणारी ‘सुबाक’ संस्था आणि तिची जलदेवळे यांना युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारशात स्थान दिले. पाणी कोणी कधी घ्यावे हे देवळाच्या पंचांगावरून ठरे, आणि त्यामुळे मोठ्या टापूतील शेते एकाच वेळी पडीक राहत. खावयास न मिळाल्याने उंदीर व किडे आपोआप आटोक्यात येत. १९७० च्या दशकात सरकारने सुधारित बियाण्यासह वर्षभर सतत लावणीचा आग्रह धरला, तेव्हा ही घडी विस्कटली आणि कीड माजली. स्टीफन लान्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने संगणकावर हिशेब मांडून देवळाच्या वेळापत्रकाचे शहाणपण सिद्ध केले. मात्र उंदीर अनावर झाले तर शेतकरी ते मारतात, आणि मग त्यांचे यथाविधी दहन करतात. बाली माणसाच्या मनाचा हा कोपरा समजून घेण्याजोगा आहे. मारणे टळत नसेल तर मेलेल्याला पुढची गती तरी मिळावी.

सर्व चित्र इतके उजळ नाही, आणि ते उजळ करून दाखविणे सत्याला धरून होणार नाही. बालीतील पद्मासनांच्या तळाशी विश्वाचा भार वाहणारे कासव कोरलेले असते. त्याला वासुकी आणि अनंतभोग या नागांनी वेढलेले असते. ज्या बेटाने कासवाला विश्वाचा पाया मानले, त्याच बेटावर समुद्रातील हिरव्या कासवाचे मांस उत्सवाच्या पंगतीला आणि बलिकर्माला लागे. दक्षिणेकडील सरांगान हे छोटे बेट, जेथे साकेनानचे पूज्य देऊळ आहे, या व्यापाराचे केंद्र होते. १९९९ साली इंडोनेशियाने सर्व सागरी कासवांना कायद्याने संरक्षण दिले, पण ‘धर्मकृत्य’ ही पळवाट उरली. ती बुजविली धर्मसत्तेनेच. तेथील हिंदूंच्या प्रमुख संस्थेने, पारिषद हिंदू धर्म इंडोनेशियाने, २००५ साली निर्णय दिला की विधीसाठी दुर्मिळ प्राणी लागलाच पाहिजे असे नाही, त्याऐवजी दुसरे चालेल. २००६ साली सरांगानवरच कासवांच्या संवर्धनाचे केंद्र उघडले. चोरटा व्यापार पुरता थांबला असे म्हणवत नाही. परंतु शास्त्राच्या नावाने होणारा वध शास्त्राच्याच निर्णयाने नाकारला गेला, ही घटना साधी नव्हे. जुन्या रूढीचा आधार घेणाऱ्यांना पोलीस जेवढे अडवू शकत नाही तेवढे पुरोहिताचे एक वाक्य अडविते.

देवदर्शनास जाणाऱ्यांसाठी थोडे. कमरेला सारोंग आणि त्यावर पट्टा बांधल्याखेरीज आत सोडत नाहीत. तो बहुतेक ठिकाणी फाटकावर मिळतो. मासिक धर्मातील स्त्रीने, घरी सुतक असणाऱ्याने आत जाऊ नये अशा पाट्या असतात. गोमंतकात त्यावर कोणाला आश्चर्य वाटू नये, वाद मात्र होऊ शकतो. २०२२ साली एका परदेशी बाईने ताबानान भागातील सुमारे सातशे वर्षांच्या पवित्र वृक्षावर विवस्त्र छायाचित्र काढविले आणि तिची देशाबाहेर रवानगी झाली. पुढच्याच वर्षी प्रांताच्या गव्हर्नरांनी परिपत्रक काढून पवित्र वृक्षांवर चढणे, पूजेखेरीज अंतःप्रांगणात शिरणे यांस मज्जाव केला. १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांकडून दीड लाख रुपियांचा करही घेतात. शून्ये पाहून घाबरू नये. भारतीय चलनात ती रक्कम हजाराच्या आत बसते.

जमल्यास प्रवास ‘तुम्पक कांडांग’ या दिवसाच्या सुमारास ठेवावा. २१० दिवसांतून एकदा येणाऱ्या या दिवशी पशूंची पूजा करतात. शिवाचे ‘गुराखी बालक’ हे रूप त्या दिवसाची देवता. गाईंना आंघोळ घालून तांदूळ व फुले वाहतात, डुकरांना आणि कोंबड्यांनाही त्यातला वाटा मिळतो, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांपुढेही नैवेद्य ठेवतात. वर्षारंभाच्या ‘न्येपी’च्या दिवशी मात्र प्रवास करू नये, कारण तो करताच येत नाही. चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, विमानतळ बंद असतो. हा दिवस शक संवत्सराचा आरंभ आहे. बालीचे शक आणि गोमंतकातील पंचांगाचे शक एकच असल्याने २२ मार्च २०२३ रोजी दोहोंकडे शके १९४५ एकाच दिवशी सुरू झाले. येथे गुढ्या उभारल्या आणि तेथे सारे बेट मुके झाले. अधिकमासाच्या फरकाने काही वर्षी दोन्ही दिवसांत महिन्याचे अंतर पडते.

पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचा उल्लेख झाला, त्याला जोडूनच एक गोष्ट सांगितली पाहिजे. बालीत एक शुभ्र साळुंखी आहे. डोळ्याभोवती निळी कातडी, डोक्यावर झुकलेला तुरा, पंखांची आणि शेपटीची टोके काळी. जगात इतरत्र ती रानात आढळत नाही. १९१२ साली शास्त्राने तिची नोंद घेतली आणि त्यानंतर तिच्या सौंदर्यानेच तिचा घात केला. पिंजऱ्यासाठी तिला इतके पकडले गेले की २००१ साली रानात जेमतेम अर्धा डझन पक्षी उरल्याची गणना झाली. पश्चिम बालीत तिच्यासाठी राष्ट्रीय उद्यान होते, पहारेकरी होते, कायदा होता, चोरही होते.

बालीच्या आग्नेयेस नुसा पनिडा नावाचे उघडे, कोरडे बेट आहे. पुरा पेद या देवळामुळे भाविक त्याला वचकून असतात. एका स्थानिक संवर्धन संस्थेने २००६ साली तेथे या साळुंख्या सोडण्याचे ठरविले. पण त्याआधी ती सरकारी कचेरीत गेली नाही, गावोगावच्या सभांत गेली. चर्चा झाल्या. पक्ष्याला मारणे, पकडणे, विकणे निषिद्ध असे कलम नुसा पनिडाच्या गावांनी आपापल्या अविग-अविगमध्ये लिहून घेतले. उत्सवाची वर्गणी न भरणाऱ्याला जी शिक्षा, स्मशानाची जागा अपवित्र करणाऱ्याला जी नामुष्की, तीच आता साळुंखी पकडणाऱ्याला. पहारेकऱ्याला चुकविता येते. शेजाऱ्याला, भावकीला आणि आपल्याच चितेच्या जागेला कसे चुकविणार? त्यानंतर ज्या बेटावर ती पूर्वी नव्हती तेथे तिने नारळीच्या ढोलींत घरटी केली, आणि तिची पुढची पिढी पिंजऱ्याबाहेर जन्मली.